एक्सबॉक्स सिरीज एस, १४ महिन्यांनंतर: मशीन जळालं, घर परत आलं

ऑक्टोबरात परतीच्या पावसानं आमची सिरीज एस, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मायक्रोसॉफ्टचं कन्सोल, नेली. दुपारी चारच्या सुमारास जोरात कडाडलं, घरातले दिवे दोनदा गेले-आले आणि टीव्हीखालचा पांढरा दिवा पुन्हा लागलाच नाही. वॉरंटी एक वर्षाची, ती ऑगस्टमध्येच संपलेली. दुरुस्तीवाल्यानं बारा दिवस ठेवून घेतलं. आधी म्हणाला पॉवर सप्लाय, मग म्हणाला मदरबोर्ड, मग साडेनऊ हजारांचा आकडा सांगितला. आतल्या डेटाचं विचारलं तर, "तो गेलाच म्हणून समजा." बारा दिवसांत एकदा आपणहून फोन केला नाही, मीच रोज चकरा मारत होतो. मशीन तसंच उचलून आणलं.

सिरीज एसचा वेग, आवाज, ५१२ जीबीत काय मावतं हे सगळ्यांना माहीत आहे. १४ महिन्यांत त्याबद्दल माझी एकच तक्रार, जागा कमी पडते. मला लिहायचंय ते सेव्हबद्दल, म्हणजे गेममध्ये आपण जे केलं, जिथवर पोचलो ते जपून ठेवणाऱ्या डेटाबद्दल.

माझी पाचवीतली मुलगी माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बांधायच्या गेममध्ये गुहागरजवळचं आमचं जुनं घर बांधत होती. ते घर दोन वर्षांपूर्वी विकलं. जांभ्याचा रंग जमावा म्हणून तिनं तीन प्रकारचे ठोकळे लावून पाहिले आणि शेवटी भाजक्या मातीचे निवडले. पडवीत आजोबांची खुर्ची आहे, म्हणजे जिन्याचा एक ठोकळा आणि दोन्ही बाजूंना हात म्हणून लावलेल्या पाट्या. विहीर, तिच्यावर रहाट, मागे पोफळी. पाच महिन्यांचं काम. मशीन बंद पडल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "बाबा, आजोबांचं घर?" मला उत्तर देता आलं नाही.

पुण्यात एकाकडून १७ हजारांना वापरलेली सिरीज एस घेतली. लॉग-इन केलं, गेम उतरवला, उघडला. डेटा आणत असल्याची पट्टी सरकली आणि समोर पडवी! खुर्चीसकट. फक्त कोंबड्यांचं खुराडं नव्हतं, कारण ते बांधलं त्या दुपारी आमच्या केबलवाल्याचं नेट बंद होतं आणि तेवढं वर चढलंच नव्हतं. वीस मिनिटांत तिनं ते पुन्हा बांधलं.

या सगळ्यासाठी मी एक रुपया भरला नव्हता. माझी गेम पास मेंबरशिप, म्हणजे महिन्याचे पैसे भरून पुष्कळ गेम खेळायला मिळतात ती, तेव्हा संपलेली होती. एक्सबॉक्सवर क्लाउड सेव्ह, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर राहणारी सेव्हची प्रत, सगळ्यांना फुकट आहे, मेंबरशिप असो नसो. सोनीच्या प्लेस्टेशन ५ (पीएस५) वर त्यासाठी प्लस ही त्यांची पैशांची मेंबरशिप घ्यावी लागते. आणि तिथं पीएस५ च्या गेमचा नुसता सेव्ह पेनड्राइव्हवरही उतरवून घेता येत नाही, पीएस४ च्या गेमचा येतो. म्हणजे स्वतःच्या घामाची दुसरी प्रत सहज हवी तर वर्गणी. निन्टेंडो स्विचवरही क्लाउड सेव्ह त्यांच्या पैशांच्या ऑनलाइन सेवेतच मिळतो. कन्सोल निवडताना मी ग्राफिक्सवर आठवडाभर व्हिडिओ पाहिले होते, हा मुद्दा एकानंही सांगितला नव्हता. माझ्या मते मुलं असलेल्या घरानं आधी हाच मुद्दा पाहावा.

आता दुसरी बाजू. चौथ्या महिन्यात मी ओळखीच्या सगळ्यांना सांगत सुटलो होतो की गेम पासचा सर्वांत वरचा प्लॅन, अल्टिमेट, डोळे मिटून घ्या, महिना ८२९ रुपये, एवढ्यात नवा गेमसुद्धा येत नाही. ते मी आता मागे घेतो. १ ऑक्टोबर २०२५ ला दर १,३८९ झाला. अमेरिकेतही २० डॉलरचे ३० झाले. आपोआप पैसे कापले जाणं मी कधीच चालू ठेवत नाही, त्यामुळे मला नवाच दर. त्या दरानं वर्षाचे १६,६६८ होत होते. हेच मशीन २०२० साली भारतात ३४,९९० ला आलं होतं, म्हणजे जवळजवळ निम्मी किंमत दरवर्षी. मी बंद केलं. पासमधले गेम गेले, पण त्यांचे सेव्ह जागेवर आहेत, उद्या एखादा गेम विकत घेतला तर तिथूनच पुढे खेळता येईल.

ऑनलाइन खेळण्याच्या पैशांवर मात्र माझा राग दोन्ही कंपन्यांवर सारखा आहे. साडूकडे पीएस५ आहे. त्याच्या मुलाला आमच्या माइनक्राफ्टच्या घरात यायचं तर त्याच्याकडे प्लस हवं आणि आमच्याकडे किमान गेम पासचा सर्वांत खालचा प्लॅन. दोन्ही घरं ब्रॉडबँडचे पैसे भरतात, गेम दोघांनी विकत घेतलाय, तरी दारावर दोनदा तिकीट. तोच मुलगा मोबाईलवरून आला तर त्याला असली मेंबरशिप लागत नाही! मग हे पैसे नक्की कशाचे?

याची सुरुवात मायक्रोसॉफ्टनं केली. नोव्हेंबर २००२ मध्ये एक्सबॉक्स लाइव्ह ही ऑनलाइन खेळायची सेवा आली, वर्षाला ५० डॉलर, सोबत हेडसेट. सोनीनं २००६ मध्ये पीएस३ वर ऑनलाइन खेळणं फुकट ठेवलं आणि कितीतरी लोकांनी तेवढ्यासाठी पीएस३ घेतला. २०११ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या नेटवर्कमध्ये घुसखोरी झाली, ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली, सेवा तीन आठवड्यांहून जास्त बंद राहिली. तरीही फुकट ते फुकट. २०१३ मध्ये पीएस४ आला आणि तिथंही ऑनलाइन खेळायला प्लस सक्तीचं झालं. २०१८ मध्ये निन्टेंडोनंही तेच केलं. स्पर्धा असली की गिऱ्हाइकाचा फायदा होतो म्हणतात. इथं एकानं घेतले म्हणून तिघंही घ्यायला लागले.

पण लोक ओरडले की फरक पडतो, हेही पाहिलंय. जानेवारी २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टनं लाइव्ह गोल्डचा, म्हणजे एक्सबॉक्सवर ऑनलाइन खेळायच्या तेव्हाच्या मेंबरशिपचा, वर्षाचा खर्च दुप्पट, म्हणजे १२० डॉलरवर न्यायचं जाहीर केलं. एवढा आरडाओरडा झाला की त्याच दिवशी निर्णय मागे घेतला, आणि काही महिन्यांत फोर्टनाइटसारखे फुकटचे गेम ऑनलाइन खेळायला गोल्डची अट काढली. म्हणून म्हणतो, सेव्हबद्दलही ओरडा. प्लसमध्ये गेम द्या, सवलती द्या, त्याचे पैसे घ्या, पण मुलानं पाच महिने खपून बांधलेलं त्याचं त्याला परत मिळालं पाहिजे.

आता घरात तेराशे रुपयांचं सर्ज प्रोटेक्टर लावलंय आणि ढग गडगडले की प्लगही काढतो. नेट बंद असताना मुलगी खेळली असेल तर नेट आल्यावर मी गेम एकदा उघडून, क्लाउडशी जुळणी झालेली पाहून बंद करतो. डिसेंबरच्या सुट्टीत साडूचा मुलगा येणार आहे, तेव्हा एका महिन्याचा खालचा प्लॅन ४९९ ला घेईन, त्यापुढे नाही.