ऑनबोर्ड क्रेडिट: तीन क्रूझ, अकरा महिने आणि ९७ डॉलर ८५ सेंट

आधी रक्कम सांगते, कारण अकरा महिने ती माझ्या डोक्यातून गेलेली नाही. ९७ डॉलर ८५ सेंट. पहिल्या क्रूझच्या शेवटच्या संध्याकाळी जहाजाच्या अ‍ॅपमध्ये माझ्या नावावर २७९.२५ डॉलर शिल्लक दिसत होती. आठ दिवसांनी कार्डावर जमा झाले १८१.४०. मधले पैसे कुठे गेले हे शोधण्यात पुढचे चार महिने गेले. ते सगळं इथे लिहून ठेवते आहे, म्हणजे बुकिंग करणाऱ्या पुढच्या माणसाला तोच प्रश्न आधी विचारता येईल.

ऑनबोर्ड क्रेडिट म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असणार. जहाजावरच्या तुमच्या खात्यात आधीच टाकलेली रक्कम, जिच्यातून तिथला खर्च वळता होतो. रिफंडेबल असेल तर उरलेलं परत मिळतं, नॉन-रिफंडेबल असेल तर प्रवास संपताना उरलेलं बुडतं. हे मलाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तरीही पैसे गेले.

पहिला प्रवास सात रात्रींचा. मी आणि ताई, दोघी एका केबिनमध्ये. क्रूझ कंपनीच्या ऑफरमधले २०० डॉलर नॉन-रिफंडेबल आणि एजंटने बुकिंगची भेट म्हणून दिलेले १०० डॉलर, ज्याबद्दल एजंटचा मेल होता की 'उरले तर परत मिळतील'. अ‍ॅपमध्ये मात्र एकच आकडा: ३००. कुठले किती, याचा कुठेही उल्लेख नाही.

पाचव्या दिवशी समुद्र खवळलेला होता. त्या बंदरात धक्का नाही, जहाज खोल पाण्यात नांगर टाकून थांबतं आणि लहान टेंडर बोटींनी किनाऱ्यावर जावं लागतं. लाटांमुळे टेंडर सोडताच आल्या नाहीत, कप्तानाने बंदर रद्द केलं. आमची तिथली सहल मी घरूनच कार्डाने भरली होती, दोघींचे मिळून १५८ डॉलर. ते खात्यात जमा झाले. न लागलेल्या बंदराचा पोर्ट टॅक्सही जमा झाला, दोघींचे २३.४०. इथवर कंपनीचं कौतुकच. काही मागावं लागलं नाही, रात्रीपर्यंत दोन्ही रकमा खात्यात होत्या. पण अ‍ॅपमध्ये त्याही त्याच एका आकड्यात मिसळल्या.

शेवटच्या संध्याकाळी मी कागद-पेन घेऊन बसले. २०० नॉन-रिफंडेबल आहेत, ते पूर्ण संपवायचे. तोवरचा खर्च १६० च्या आसपास होता. आम्ही दोघी दुकानांत फिरलो, दोन टोप्या आणि ताईला आवडलेली एक लहान पर्स घेतली. एकूण खर्च २०२.१५ झाला. म्हणजे माझ्या हिशेबाने न परतणारे सगळे संपले, परत मिळणाऱ्यातले फक्त २.१५ गेले. १०० अधिक १५८ अधिक २३.४०, वजा २.१५, बरोबर २७९.२५. अ‍ॅपमध्येही तोच आकडा. मी निश्चिंत झोपले.

दुसऱ्या दिवशी जहाजावरून उतरल्यावर मेलवर अंतिम बिल आलं. त्यात खालून दुसरी ओळ अशी होती: नॉन-रिफंडेबल क्रेडिट, न वापरलेले, रद्द, ९७.८५. एजंटचे १०० डॉलर कंपनीकडे नॉन-रिफंडेबल म्हणूनच नोंदले गेले होते. म्हणजे माझ्या खात्यात २०० नव्हे, ३०० बुडणारे होते.

मी एजंटला लिहिलं. उत्तर आलं की आम्ही रिफंडेबलच पाठवलं होतं, कंपनीने बदललं असेल. कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की एजंटने जे मागवलं तेच टाकलं. मग पुन्हा एजंट. 'मॅडम, सिस्टीममध्ये असंच जातं.' असं जात असेल तर मेलमध्ये 'परत मिळतील' का लिहिलं? याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडून अकरा मेल गेले. लोक म्हणाले, एवढ्याशा पैशांसाठी कशाला पत्रापत्री. ताई म्हणाली, "तुला शब्द दिला होता ना, मग सोडू नकोस." मी सोडलं नाही. चौथ्या महिन्यात एजंटने कबूल केलं की मागवताना चुकीचा प्रकार निवडला गेला होता, आणि पुढच्या बुकिंगवर १०० डॉलर रिफंडेबल देऊ असं लेखी दिलं. मला रोख हवे होते, पण 'चूक आमची' हे वाक्य लेखी मिळालं म्हणून घेतलं.

हा अनुभव तेव्हाच लिहिला असता तर मी एवढंच लिहिलं असतं की नॉन-रिफंडेबल क्रेडिट म्हणजे फसवणूक, त्याच्या नादी लागू नका. तसं एका परिचितांना सांगूनही टाकलं होतं. ते मत मी मागे घेते आहे, कारण दुसऱ्या प्रवासाने ते खोटं ठरवलं.

दुसरी क्रूझ दहा रात्रींची, दुसऱ्या कंपनीची. फायनल पेमेंट, म्हणजे भाड्याची उरलेली सगळी रक्कम, भरून झाल्यावर आमच्याच प्रकारच्या केबिनचं भाडं उतरलं. फायनल पेमेंटच्या आधी भाडं उतरलं तर बहुतेक ठिकाणी नवं भाडं लावून घेता येतं. नंतर उतरलं तर पैसे परत मिळणं कंपनीच्या मर्जीवर, आणि मिळालंच तर बहुधा नॉन-रिफंडेबल क्रेडिट मिळतं. आम्हाला तसे २५० डॉलर मिळाले, दोघींच्या नावावर १२५-१२५. माझा पहिला विचार हाच होता की पुन्हा बुडणारे पैसे.

पण या वेळी मी जहाजावरच्या कर्मचाऱ्यांसाठीची टिप आगाऊ भरली नव्हती. ठरवून नव्हे, ताईचं कार्ड बदललं होतं म्हणून राहून गेलं होतं. आणि तिथेच सगळा उलगडा झाला. बऱ्याच मोठ्या जहाजांवर माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर टिप खात्यात आपोआप लागते. आमच्या जहाजावर ती १८ होती. दहा दिवस, दोघी, ३६० डॉलर. रोज रात्री खात्यात १८ ची नोंद व्हायची आणि ती थेट नॉन-रिफंडेबल क्रेडिटमधून वळती व्हायची. प्रवास संपायच्या कितीतरी आधी दोघींचं क्रेडिट पूर्ण वापरून झालं होतं, आणि माणशी फक्त ५५ डॉलर कार्डावरून गेले. हे पैसे मला एरवीही द्यायचेच होते. म्हणजे ते २५० माझ्यासाठी रोख रकमेइतकेच खरे ठरले. एकही टोपी घ्यावी लागली नाही.

तेव्हा कळलं की पहिल्या प्रवासात माझीही एक चूक होती. तेव्हा मी टिप आणि वायफाय दोन्ही घरूनच कार्डाने भरून टाकलं होतं, खात्यात जाण्यासारखा कुठलाही आवश्यक खर्च उरूच दिला नव्हता. टिप सोडली असती तर सात दिवसांत दोघींची मिळून २०० च्या वर सहज गेली असती. एजंटचे पैसे चुकीच्या प्रकारात पडूनही माझं काही बुडलं नसतं. वायफायचं वेगळं आहे. ते प्रवासाआधी घेतलं तर बहुतेक ठिकाणी जहाजावरच्या दरापेक्षा स्वस्त पडतं, पण प्रवासाआधीच्या खरेदीला ऑनबोर्ड क्रेडिट बऱ्याच कंपन्यांकडे चालत नाही. म्हणून वायफाय आधी कार्डाने, टिप जहाजावर खात्यातून, असं मी आता करते. टिप आधीच भरली असेल तर निघण्यापूर्वी ती रद्द करून मूळ कार्डावर परत घेता येते का, हे विचारून पाहा.

मात्र प्रत्येक क्रेडिट टिपला चालतंच असं नाही. रॉयल कॅरिबियन आणि कार्निवल यांसारख्या कंपन्या आपले १०० शेअर बाळगणाऱ्या प्रवाशांना प्रवासाच्या लांबीनुसार ५० ते २५० डॉलर क्रेडिट देत आल्या आहेत. ज्यांना मी नादी लागू नका म्हणून सांगितलं होतं त्या परिचितांकडे असे शेअर आहेत. पण कार्निवलच्या अशा क्रेडिटच्या अटींत कसिनो आणि टिप दोन्ही वगळलेले आहेत, त्याची रोख रक्कमही मिळत नाही. म्हणजे माझा उपाय त्यांना लागू पडत नाही. त्यांनी ते जहाजावरच्या वेगळे पैसे लागणाऱ्या स्पेशल रेस्टॉरंटवर खर्च केलं. कसिनोत नॉन-रिफंडेबल क्रेडिट बहुतेक जहाजांवर चालत नाही, तेव्हा मशीनमधून रोख काढून घेऊ या आशेवर राहू नका.

त्याच दुसऱ्या प्रवासात ताईने जहाजावर ४० डॉलरचा एक वर्ग लावला आणि दुसऱ्या दिवशी रद्द केला. पैसे परत आले, पण नॉन-रिफंडेबल म्हणूनच. ज्या कप्प्यातून गेले त्याच कप्प्यात परत. पहिल्या प्रवासातली सहल मी कार्डाने भरली होती म्हणून ते १५८ खरोखर परत मिळाले. तीच सहल क्रेडिटमधून घेतली असती तर बंदर रद्द होऊनही ते पैसे बुडणाऱ्या बाजूला जाऊन बसले असते. प्रवासाच्या शेवटी शेवटी असलेली सहल न परतणाऱ्या क्रेडिटमधून घेताना हे लक्षात ठेवा, कारण रद्द झाली तर ते पैसे खर्च करायला फारसा वेळ हातात राहत नाही. आणि उतरायच्या सकाळी काही घेऊ म्हणाल तर जहाज धक्क्याला लागलेलं असताना कस्टम्सच्या नियमांमुळे दुकानं बंद असतात.

बाकी बारीकसारीक गोष्टी पटकन. बुकिंग रद्द केलं तर ऑफरचं क्रेडिटही जातं. एकाच जहाजावर लागोपाठ दोन प्रवास घेतले तर दोन खाती धरली जातात, पहिल्यातलं न परतणारं उरलं तर ते दुसऱ्यात जाईल असं समजू नका. ऑफरचं क्रेडिट बहुधा केबिनमधल्या पहिल्या दोन प्रवाशांपुरतंच असतं. भूमध्य समुद्रातल्या काही जहाजांवर खातं युरोत चालतं, ब्रिटिश जहाजांवर पौंडात, तिथे डॉलरचा हिशेब घेऊन बसू नका.

आता तिसरा प्रवास, मागच्या महिन्यातला, सात रात्रींचा, कंपनी दुसऱ्या वेळचीच. ऑफरचे १५० नॉन-रिफंडेबल आणि एजंटने भरपाई म्हणून दिलेले ते १०० रिफंडेबल. निघण्याआधी मी एजंटकडून बुकिंगचा नवा कागद मागवला, ज्यावर रकमेशेजारी 'रिफंडेबल' हा शब्द छापलेला होता. तोंडी शब्दावर आता माझा विश्वास नाही, आणि 'उरले तर परत' अशा गोड वाक्यावर तर अजिबात नाही.

जहाजावर पहिल्याच दुपारी अ‍ॅप उघडलं. २५०. पुन्हा एकच आकडा. तीन प्रवास, दोन कंपन्या, आणि दोन्ही कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये हा एकच आकडा. माझी खरी तक्रार क्रेडिटबद्दल नाही, या आकड्याबद्दल आहे. प्रवाशाला शिल्लक दाखवायची आणि त्यातले किती पैसे त्याचे आहेत आणि किती परवा सकाळी नाहीसे होणार आहेत हे दाखवायचं नाही, याला मी व्यवस्था म्हणत नाही. माहिती त्यांच्याकडे असते. ती शेवटच्या बिलात, सगळं संपल्यावर छापलीही जाते. मग पहिल्या दिवशी का दाखवत नाहीत? एक जादा ओळ लागते फक्त.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेस्ट सर्व्हिसेसला गेले. रांग जवळजवळ नव्हतीच. शेवटच्या रात्री तिथे तासभर उभं राहावं लागतं, तेव्हा जायचं तर दुसऱ्या दिवशीच. खात्याचा छापील उतारा मागितला. काउंटरवरच्या मुलीने पडद्यावर बघून सांगितलं की २५० आहेत. मी म्हटलं, प्रकारानुसार वेगवेगळे दाखवणारा द्या. तिने दुसरा काढून दिला. त्यात दोन ओळी होत्या, १५० एकीकडे आणि १०० दुसरीकडे, दुसरीसमोर रिफंडेबल. मी त्या ओळीवर पेनने खूण केली.

त्याच कागदावर आणखी एक गोष्ट दिसली. दोन्ही रकमा एकट्या माझ्या नावावर होत्या. ताईची टिप आणि कॉफी तिच्या स्वतःच्या कार्डावर लागत होती. असंच चालू राहिलं असतं तर माझी सात दिवसांची टिप १२६ झाली असती, १५० मधले २४ डॉलर मला उगाच कशावर तरी उडवावे लागले असते, आणि ताईने १२६ खिशातून भरले असते. त्या मुलीने दोन मिनिटांत ताईची टिप माझ्या खात्याला जोडून दिली. यासाठी आम्ही दोघींनी मिळून जाणं गरजेचं होतं, सही तिचीही लागली.

दोघींची मिळून टिप २५२. पाचव्या रात्री न परतणारे १५० संपले, त्यानंतर एजंटच्या १०० मधून जायला लागले. शेवटच्या रात्री पुन्हा उतारा घेतला. न परतणारे शून्य, परतणारे शून्य, टिपेपोटी कार्डावर बाकी २ डॉलर. ताईने विचारलं, "झाले का तुझे शंभर वसूल?" मी तिला कागद दाखवला. तिने घडी घालून तो पासपोर्टच्या पाकिटात ठेवला.