लग्नाचा पुरावा पुरात गेला आणि टॅक्सची नोटीस आली: सर्टिफिकेट की अ‍ॅफिडेव्हिट?

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणात घराघरातली कागदपत्रं चिखलात गेली, आणि आता कुणाला नोटीस येते की खात्यात आलेले पैसे कुणाचे. नवऱ्याने दिलेत म्हटलं तर गिफ्ट टॅक्स-फ्री, पण नातं सिद्ध नाही झालं आणि वर्षात ५० हजारांच्या वर रक्कम असली तर सगळ्यावरच टॅक्स.

अ‍ॅफिडेव्हिट म्हणजे प्रतिज्ञापत्र झटपट होतं, स्टॅम्प पेपर, नोटरी, झालं. पण ते शेवटी आपणच आपल्याबद्दल लिहिलेलं, नुसतं दिलं तर वजन कमी. सोबत नोटिशीच्या आधीचं काहीतरी हवंच, बायकोचं नाव असलेलं जुनं रेशनकार्ड, पासपोर्ट, जुनी मतदार यादी, अगदी शाई पसरलेली लग्नपत्रिकासुद्धा टाकू नका हो, तारीख वाचता येते ना, मग ठेवा.

लग्ननोंदणीच्या सर्टिफिकेटला वेळ लागतो, पण माझं मत तिकडेच. आधी नोंद केलेली असेल तर ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या रजिस्टरमधून पुन्हा प्रत मिळते. नसेल तर लग्नाला कितीही वर्षं झाली तरी उशिराचा दंड भरून नोंद होते, साक्षीदार मात्र लागतात, म्हणून लग्नाला हजर असलेली म्हातारी माणसं आहेत तोवरच करून घ्या. फक्त नोंदणीची तारीख नोटिशीनंतरची दिसली की साहेब शंका घेऊ शकतो, तिथे वरचे जुने कागद पुन्हा कामाला येतात.

नोटिशीला उत्तर द्यायची मुदत संपत आली असेल तर इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर मुदतवाढ मागा, तोवर अ‍ॅफिडेव्हिट लावून ठेवा.