"डबा उघडू नका, उजेड लागेल!"

बाथरूमची डार्करूम, म्हणजे फिल्मवरून फोटो काढायची अंधारी खोली, करायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं गेल्या उन्हाळ्यात. फिल्मचा रोल घरी धुवायला आधीच शिकलो होतो, आता प्रिंटही स्वतःच काढायचे होते. निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र, म्हणजे एनलार्जर, नवा परवडेना. ओळखीच्या ओळखीतून कळलं, सदाशिव पेठेतल्या एका वाड्यातला जुना स्टुडिओ मोडीत निघतोय. गेलो.

स्टुडिओवाले काका साठी उलटलेले. चहा पाजला. उटीच्या कारखान्यातला फोटो काढायचा 'इंदू' पेपर मिळायचा तेव्हा लग्नाचे अल्बम रात्र-रात्र जागून कसे काढायचे, हे इतकं रंगवून सांगितलं की मी भाव करायचंच विसरलो. एनलार्जर, लेन्स आणि तीन ट्रे मिळून १४,००० रुपये. शिवाय आठ बाय दहाच्या १०० ब्रोमाइड पेपरांचा (उजेड पडला की चित्र धरणारा फोटोचा कागद) 'सीलबंद' डबा ४,५०० ला.

"डबा जरा उघडून बघू का?"

"अहो, उजेड लागेल! डार्करूम करायला निघालात आणि एवढंही ठाऊक नाही?"

इथेच मी मेलो. पुण्यात कुणी अक्कल काढली की माणूस पुढचा प्रश्न गिळतो. खरं तर ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटच्या कागदाला लाल उजेड बाधतच नाही, म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा असतो. (फिल्मचं तसं नाही, तिला मिट्ट काळोखच लागतो.) काकांची डार्करूम दोन पावलांवर होती, भिंतीवर लाल बल्बही होता. "चला, तिथे उघडू," एवढंच म्हणायचं होतं. हे मला माहीत होतं, तरी तोंडातून फुटलं नाही. पैसे रोख मोजले. बिल मागितलं तर, "जुन्या मालाला कसलं बिल!"

घरी खिडकीला काळा चार्टपेपर लावला, कमोडवर फळी टाकली, फळीवर एनलार्जर. वेळ रात्री अकरानंतरची, घरातल्या सगळ्यांचं उरकल्यावर. पर्वतीच्या पायऱ्यांची निगेटिव्ह घेतली. पहिले पाच प्रिंट राखाडी आले, पांढरं म्हणून कुठे नाहीच. जुना कागद, म्हटलं चालायचंच. सहावा कोरा. सातवाही कोरा.

मग पंधरा दिवस स्वतःलाच बोल लावत बसलो. डेव्हलपर, म्हणजे कागदावर चित्र उमटवणारं रसायन, पुन्हा कालवला. पाणी २० अंशांच्या आसपास हवं आणि आमच्या टाकीचं तर एप्रिलात हाताला कोमट लागतं, म्हणून ट्रे बर्फाच्या परातीत ठेवला. एक्स्पोजर, म्हणजे कागदावर उजेड पाडायचा वेळ, १० सेकंदांवरून २ मिनिटांवर नेलं. शेवटी बायको म्हणाली, "अरे, कागदच खोटा असेल तर?"

सरळ ट्यूबलाइट लावली आणि एक कागद डेव्हलपरमध्ये बुडवला. खरा ब्रोमाइड असा उजेडातून थेट ट्रेमध्ये गेला की काही मिनिटांत काळाकुट्ट होतो. हा पांढराशुभ्र पडून राहिला. निरखून पाहिलं तर इंकजेट प्रिंटरचा चकचकीत फोटोपेपर, ए-फोर कापून आठ बाय दहाचा केलेला. कापलेली कड वाकडी. वरचे पाचच कागद ब्रोमाइडचे, तेही मुदत उलटून गेलेले. डब्यावरची टेप नवीकोरी, खाली जुन्या टेपचा पिवळा डाग. तो तर दिवसाउजेडीही दिसला असता.

लेन्सचं काय सांगू. मागून फोनचा टॉर्च मारला, आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी.

जुना कागद घेणार असाल तर विकणाऱ्याला लाल दिव्यात डबा उघडायला लावा आणि मधला एक कागद मागून घ्या, वरचा नको. त्याची एक पट्टी उजेडात डेव्हलपरमध्ये टाका, ती काळी व्हायला हवी. दुसरी उजेड न दाखवता डेव्हलपर आणि हायपोतून (चित्र पक्कं करणारं रसायन) काढा, ती पांढरी राहायला हवी. विकणारा अक्कल काढेल. काढू दे.

काकांचा फोन लागतो, उचलत नाहीत. वाड्याला कुलूप. हातात बिल नाही, चौकीत जाऊन दाखवणार काय? उरलेल्या कागदांवर मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टचे फोटो प्रिंटरवर छापतो. सुरेख येतात.