टपालाचा डबा: विकत घ्यावा, छापून घ्यावा की घरी करावा?

जुन्या मेल गाडीच्या टपालाच्या डब्याचं मॉडेल छोट्या रुळावर फिरवायचं असेल, तर पुलगाव-धामणगावकडच्या माणसापुढे तीन वाटा आहेत: परदेशी तयार डबा, नागपुरातून थ्रीडी प्रिंट, नाहीतर कार्डशीट आणि फेविकॉल.

तयार डबे बहुतेक इंग्रजी नाहीतर अमेरिकी. इंग्रजी डबा १:७६ मापाचा (ओओ), अमेरिकी १:८७ (एचओ). रूळ दोघांनाही १६.५ मिमी रुंदीचाच चालतो. विलायतेत १८३८ पासून धावत्या गाडीत टपालाची वर्गवारी होत होती आणि गाडी न थांबवता जाळीने थैली उचलत. हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीच्या काही मॉडेलांत हे खरोखर घडतं, रुळाशेजारची थैली डबा उचलून घेतो. पोरांसाठी घेत असाल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, हाच घ्या. मात्र कस्टमचा भुर्दंड पडतो आणि कपलिंग तुटलं तर तालुक्याला काही मिळत नाही. शिवाय हा आपला आरएमएसचा (रेल्वे मेल सर्व्हिसचा) डबा नव्हेच. आपला डबा चांगला रुंद असतो, इंग्रजी डबा त्याच्यापुढे अंग चोरून उभा राहिल्यासारखा दिसतो.

थ्रीडी प्रिंटचं मला फारसं पटत नाही. नेहमीचं पीएलए प्लास्टिक साठेक अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीत किंवा पत्र्याखालच्या उन्हात ठेवलं की सव्वीस जानेवारीला सरळ असलेला डबा नवतपात वाकलाच समजा. बोगीच्या (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याच्या) बाजू तेवढ्या छापून घ्याव्यात, त्या हाताने कापणं जिवावर येतं.

राहिला घरचा डबा, आणि इथे एक मजा आहे. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमीचं. ते १:८७ मध्ये १९ मिमीच्या वर जातं, म्हणजे १६.५ च्या रुळावर डबा तोकड्या पायांचा दिसतो. पण माप १:१०० धरा, रूळ जवळजवळ तंतोतंत जुळतो! वर हिशोबही सोपा: खऱ्या डब्याचा एक मीटर म्हणजे तुमचा एक सेंटिमीटर. आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याचा) डबा साधारण २१.३ मीटर लांब, सव्वातीन मीटर रुंद, तुमचा २१.३ सेंमी लांब, सव्वातीन सेंमी रुंद. एचओची चाकं मिलिमीटरभर मोठी पडतात, पण बोगीत कोणी फूटपट्टी घेऊन डोकावत नाही.

भिंतींना सनबोर्ड (फोमचा पुठ्ठा) नको, या मापात तो फार जाड. जुन्या लग्नपत्रिकांचा कार्ड उत्तम. आत वर्गवारीचे खण, बाहेर लेट फीची (उशिरा, जादा पैसे भरून थेट गाडीत टाकायची) पत्रं टाकायची फट, एवढं नीट जमलं की डबा ओळखू येतो. कागदी डबा हलका, रुळावरून उतरतो. एकूण वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास येईल इतके लोखंडी वायसर तळाला चिकटवा. पावसाळ्याआधी आतून-बाहेरून वार्निशचा हात द्या, नाहीतर ओल धरते आणि कागदाला कसर लागते.

वेळ असेल तर घरचाच करा. मुलाच्या वाढदिवसाला आठवडाच उरला असेल तर मुकाट्याने तयार मागवा.

शकुंतलेचा, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीचा, नाद असणाऱ्यांचं गणित वेगळं. ७६२ मिमीचं नॅरोगेज १:८७ मध्ये पावणेनऊ मिमीच्या आसपास येतं, म्हणजे एन या आणखी छोट्या मॉडेल-मापाचा ९ मिमीचा रूळ चालून जातो. कापायला बसण्याआधी नागपूरच्या मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय मात्र बघून या.