डोंबिवलीच्या काकांकडचे वाइल्ड टाइप एंडलर, पाचपैकी साडेचार

मुंबई-ठाण्याकडे राहत असाल आणि टँकमध्ये रंगीबेरंगी शोच्या गप्पींऐवजी एंडलर नावाचे, जंगली रूपातले म्हणजे वाइल्ड टाइप, पिल्लं घालणारे छोटे मासे ठेवायचे मनात असेल तर हे वाचाच. डोंबिवली पूर्वेला एक काका गच्चीवर मासे ब्रीड करतात. दुकान नाही, पाटी नाही, ओळखीतूनच नंबर मिळतो. फोन करून रविवारी सकाळी जायचं, ते आधी सगळे टब दाखवतात आणि मग विचारतात की टँक केवढा, पाणी कुठलं, आत अजून कोण कोण आहे. हे सगळं ऐकल्याशिवाय ते जाळीला हातच लावत नाहीत, आणि मला ही पद्धत फार म्हणजे फारच आवडली.

गच्चीत काळे टब आणि थर्माकोलचे खोके ओळीने लावलेत, वर हिरवी शेडनेट, पाणी हिरवंगार, आत हायड्रिला आणि गप्पी ग्रास ह्या पाणवनस्पती माजलेल्या. प्रत्येक खोक्यावर मार्करने लिहिलेलं की कुठला मासा, कुणाकडून आणला, कधी आणला. एका टबातली जाळी दुसऱ्या टबात जात नाही, प्रत्येकाची वेगळी, खोक्यालाच अडकवलेली. बाहेरून बघणाऱ्याला हे जरा जास्तच वाटेल पण एंडलरच्या बाबतीत हाच सगळा खेळ आहे, कारण एंडलर आणि गप्पी सहज क्रॉस होतात, त्यांची पिल्लंही पुढे पिल्लं देतात, आणि मादी एकदा नराबरोबर राहिली की पुढे कित्येक महिने नर नसतानाही पिल्लं घालत राहते. म्हणजे एकच चुकीची गाभण मादी खोक्यात पडली की सगळी लाईन, म्हणजे शुद्ध वंश, गेली. बाजारात एंडलर म्हणून जे मिळतं त्यातलं पुष्कळसं असं मिसळलेलंच असतं, दिसायला सुंदर असतं ह्यात वाद नाही, पण तो वाइल्ड टाइप नव्हे.

मूळ मासा व्हेनेझुएलाच्या कुमाना शहराजवळच्या लागुना दे लॉस पातोस ह्या तळ्यातला. 1937 साली फ्रँकलिन बाँड ह्यांनी तो पहिल्यांदा गोळा केला, मग तो विसरलाच गेला, 1975 मध्ये जॉन एंडलर ह्यांना तिथेच परत सापडला आणि 2005 मध्ये कुठे त्याला पोइसिलिया विंगी हे शास्त्रीय नाव मिळालं. तळ्याचं पाणी कोमट, जड म्हणजे क्षार जास्त असलेलं, आणि शेवाळाने हिरवं. काकांच्या गच्चीवरचे ते हिरवे खोके बघितले ना की ह्या माणसाने मासा नीट समजून घेतलाय हे लगेच कळतं.

हौशी लोकांत एन, पी आणि के असे तीन क्लास आहेत, एन म्हणजे मूळ ठिकाणापासूनची नोंद असलेला, पी म्हणजे दिसतो शुद्ध पण कागद नाही, के म्हणजे उघड क्रॉस. मी एनबद्दल विचारलं तर काका सरळ म्हणाले, "अरे, माझ्याकडे कागद नाहीत, मी पी म्हणूनच देणार, तूही पुढे कुणाला देशील तर पी म्हणूनच दे." त्यांनी एन म्हणून डबल भाव सांगितला असता तरी मी दिला असता. ह्या एका वाक्यासाठी माझे तीन स्टार.

आता मासे. नर जेमतेम अडीच सेंटीमीटरचा, पण उन्हात धरला की अंगावर धातूसारखा हिरवा, मध्ये नारिंगी ठिपका, त्याला लागून स्वल्पविरामासारखी काळी रेघ, आणि शेपटीच्या वरच्या-खालच्या कडेला नारिंगी पट्टी. मादी साधी, राखाडी-सोनेरी, नराच्या दीडपट तरी. नर तिच्यासमोर येऊन अंग वाकवतो, सगळे पंख ताठ करतो आणि जागच्या जागी थरथरतो, दिवसभर हेच चालू. शोच्या गप्पीला ती जड शेपूट ओढत हे एवढं जमतच नाही.

पॅकिंग एक नंबर. आदल्या दिवशी खाणं बंद ठेवतात त्यामुळे पिशवीत घाण होत नाही, पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, खालचे कोपरे रबराने बांधलेले म्हणजे छोटा मासा कोपऱ्यात अडकून चेंगरत नाही, वरून वर्तमानपत्र. घरी आल्यावर मेडिकलमधून आणलेल्या सलाईनच्या सेटने थेंब थेंब पाणी देत सोडले, एकही मेला नाही.

पाण्याचं मात्र नीट ऐका. आपल्याकडे नळाला येतं ते धरणाचं पाणी, मऊ, आणि ह्या माशांना जड पाणी लागतं. मऊ पाण्यात ते पंख मिटून एका जागी हलत राहतात. पाणी जड व्हावं म्हणून काकांनी फिल्टरमध्ये टाकायला कोरलच्या चुऱ्याची पुडी फुकट दिली. ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे, पुणे-नगरकडचे लोक वगैरे, त्यांना बहुतेक काहीच करावं लागणार नाही.

माझा टँक दोन फुटी, साधारण 55 लिटर, स्पंज फिल्टर, जावा मॉस भरपूर. एका नराला दोन-तीन माद्या ह्या हिशोबाने एंडलर घेतले, सोबतीला रेड चेरी कोळंबी आणि नेराइट गोगलगायी, ह्या सगळ्यांना तसलंच पाणी मानवतं. पिल्लं नकोच असतील तर नुसते नर ठेवा, मस्त दिसतात. एंजल, टायगर बार्ब ह्यांच्यासोबत अजिबात नको. मला वाइल्ड टाइप हिरवे स्वोर्डटेलही हवे होते, मेक्सिको ते होंडुरास पट्ट्यातला मासा, काकांकडे तयार होते, आणि एंडलरशी क्रॉस व्हायचीही भीती नाही. पण टँक दोन फुटी म्हटल्यावर त्यांनी चक्क नाही म्हटलं. मादी आरामात 10-12 सेंटीमीटर होते, नर एकमेकांना पळवून पळवून दमवतात, तीन फुटी घे मग ये. पैसे समोर असताना नाही म्हणणारा विकणारा मी तरी दुसरा बघितला नाही.

त्यांच्याकडे एका टबात आपले साधे गप्पीही आहेत, डासांच्या अळ्या खायला महापालिका सोडते तेच, भारतात हा मासा 1908 साली आणला गेला. त्यातले नर नीट बघा, एकासारखा दुसरा नाही, फार देखणे आहेत. त्यांना वेगळा टँक द्या, एंडलरमध्ये टाकू नका. आणि पिल्लं वाढली म्हणून ओढ्यात-तळ्यात सोडू नका प्लीज, आपले स्थानिक छोटे मासे आधीच अडचणीत आहेत. काका वाढलेली पिल्लं परत घेतात आणि त्या बदल्यात मॉईना किंवा आर्टेमिया हे माशांचं बारीक खाणं देतात, ही सोय आहे तर वापरा.

अर्धा स्टार कापला तो कुरियरसाठी. ते कुरियर करतच नाहीत, उन्हाळ्यात तर कुणी न्यायला आलं तरी दुपारी देत नाहीत. माशांच्या दृष्टीने बरोबरच आहे पण नाशिक-कोल्हापूरच्या लोकांनी करायचं काय? थंडीत तरी रात्रीच्या बसने पार्सल पाठवायचं मनावर घ्यावं असं मी त्यांना सांगितलंय.

जोडी दीडशेला पडली, पार्किंग मिळत नाही, ट्रेननेच जा आणि सकाळी लवकर जा, दहानंतर चांगले नर उरत नाहीत.