व्होजचा सापँ मध: वर्षभर वापरल्यानंतर

मागवला होता 'मिएल द सापँ दे व्होज', म्हणजे फ्रान्समधल्या व्होज डोंगरांतल्या फर झाडांचा मध, अर्धा किलो. घरी आली ती नुसत्या जंगली मधाची बाटली, मागे बारीक अक्षरांत मूळ देश स्पेन. ऑनलाइन दुकानाला फोन केला तर उत्तर मिळालं, "सापँ संपलाय मॅडम, हाही काळाच आहे, एकच चव." एकच चव मुळीच नाही! पैसे परत मिळेपर्यंत बरीच पत्रापत्री झाली. मध काळा दिसला म्हणजे तो सापँ होत नाही, हे सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं.

याला 1996 पासून एओपी दर्जा आहे, म्हणजे हे नाव फक्त त्या ठरावीक प्रदेशातल्या मधालाच लावता येतं. हा फुलांचा मध नाही. व्होज डोंगरांच्या लोरेन प्रांताकडच्या उतारावर सापँची, म्हणजे फरची जंगलं आहेत. सिनारा पेक्तिनाते नावाचा हिरवा मावा या झाडांचा रस शोषतो आणि नको असलेली साखर थेंबाथेंबाने बाहेर टाकतो. ज्वारीवर मावा पडला की पानं चिकट होतात, तोच हा चिकटा. मधमाश्या तो गोळा करतात. साताऱ्याहून सासूबाईंनी फोनवर विचारलं, "म्हणजे किड्याचा मध?" त्यांना सांगितलं, साखर झाडाचीच आहे, वाटेत एक मुक्काम जास्त. पुढच्या भेटीत त्यांनी चाखला आणि जाताना छोटी बाटली मागून घेतली.

रंग गडद तपकिरी, उजेडात धरला की हिरवट झाक. वासाला राळ आणि माल्ट. गोडी आहे पण घशाला बसत नाही, कडवटपणा नाही. ज्वारीच्या भाकरीवर लोणी आणि वरून हा, यापुढे मला दुसरं काही सुचत नाही.

आता माझ्या आवडत्या मुद्द्यावर येते: हा मध गोठत नाही. आमच्या नॅन्सी शहरातल्या स्वयंपाकघरात शेजारीच कोल्झाचा, म्हणजे मोहरीच्या जातीतल्या पिवळ्या फुलांचा मध ठेवलेला असतो. तो बघता बघता पांढरा, घट्ट होतो आणि चमचा वाकवतो. सापँचा अख्खा हिवाळा काढूनही धारेने पडतो. यात ग्लुकोज कमी असतं आणि दाणे ग्लुकोजचेच धरतात, म्हणून हे घडतं. तळाशी दाणा धरलाय का हे मी अजूनही बाटली उलटी करून बघते. या न गोठण्याचा हिशोबाशी थेट संबंध आहे. घट्ट मध चमच्याने खणून काढावा लागतो आणि नेहमी जास्तच निघतो. हा बारीक धारेने पडतो, हवा तिथे थांबवता येतो. अर्धा किलोला 15 युरोच्या आसपास पडतात, पण बाटली टिकते. धार तोडताना थेंब काठावर ओघळतो आणि झाकण चिकटतं, तेवढं मी चालवून घेते.

सुरुवातीला मी किमतीसाठी गुण कापले होते. मग उन्हाळ्यात व्होजमधल्या जेरारमे गावी गेलो. तिथल्या मधपाळ आजोबांच्या टेबलावर बाकीचे मध होते, सापँची जागा रिकामी. "या वर्षी काहीच नाही," ते म्हणाले. मावा वाढला तर चिकटा, आणि ऐन वेळी मुसळधार पाऊस आला तर तोही धुऊन जातो. काही वर्षी पीक जवळजवळ शून्य. शिवाय या मधात खनिजं जास्त असतात. हिवाळ्यात माश्यांनी तोच खाल्ला तर त्यांची पोटं बिघडतात, म्हणून तो वेळेवर काढून साखरेचा पाक द्यावा लागतो. त्यात अलीकडच्या दुष्काळांनी झाडंही सुकताहेत. हे ऐकल्यावर किमतीची तक्रार मागे घेतली. आपल्याकडे कारवी सात वर्षांनी फुलते, तिच्या मधाला आपण थांबतोच ना?

घेताना लेबल नीट वाचा. लाल-पिवळा गोल एओपी शिक्का आणि 'मिएल द सापँ दे व्होज' हे पूर्ण नाव हवं. नुसतं 'फोरे' (जंगल) किंवा 'मोंताञ' (डोंगर) लिहिलं असेल तर तो वेगळा मध. डोंगराच्या पलीकडच्या बाजूला अल्सास प्रांताचाही सापँ मध मिळतो, त्याला आयजीपी नावाचा, प्रदेशाशीच जोडलेला पण वेगळा दर्जा आहे आणि तोही चांगला, फक्त आपण काय घेतोय हे माहीत असावं. युरोपीय नियमानुसार अशा चिकट्याच्या मधाची विद्युतवाहकता (खनिजं जास्त तेवढी ती जास्त) 0.8 मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त लागते. ते घरी मोजता येत नाही, पण विक्रेत्याला हंगाम कोणत्या वर्षाचा हे विचारता येतं. कुणाकडे दर वर्षी न चुकता, त्याच भावात मिळत असेल, तर हा प्रश्न नक्की विचारा.

सध्या पाव बाटली उरली आहे. चहात आणि खोकल्याच्या आल्याच्या रसात तो घालणं बंद केलंय, तिथे कोल्झाचा मध पुरतो.