कागदी सरकपट्टीवर लॉगचे नियम: काही महिने वर्गात वापरल्यानंतर

लॉगॅरिदमचे (थोडक्यात लॉग: १० चा कितवा घात घेतला की ती संख्या मिळते, तो आकडा) नियम शिकवायला गेले काही महिने मी जाड कागदाची सरकपट्टी (स्लाइड रूल: दोन पट्ट्या एकमेकींशेजारी सरकवून अंतरं जोडायची) वापरते आहे. आता परीक्षा झाली, उत्तरपत्रिका तपासून झाल्या, म्हणून सविस्तर लिहिते. आधी मत सांगून टाकते: नियम खरे का आहेत हे मुलांना कळावं यासाठी याहून चांगलं साधन मला मिळालेलं नाही. सराव मात्र पट्टीने होत नाही, तो वेगळा करून घ्यावाच लागतो.

दोन पट्ट्या, प्रत्येकी २५ सेंमी. डाव्या टोकाला १, उजव्या टोकाला १०. मधले आकडे, प्रत्येक आपल्या लॉगच्या प्रमाणात अंतरावर, मुलांनीच लावायचे. छापील पट्टी अजिबात देऊ नका, कारण शिकवण्याचा निम्मा भाग ही पट्टी आखतानाच होतो. लॉग २ म्हणजे ०.३०१०, त्याला २५ ने गुणलं की साधारण ७.५ सेंमी, तिथे २ लिहायचे. लॉग ३ म्हणजे ०.४७७१, म्हणून ३ येतात ११.९ सेंमीवर. आता मुलं ४ साठी लॉगचं टेबल (कोष्टक) उघडतात, तेव्हा त्यांना थांबवायचं. टेबल न बघता ४ कुठे येतील? कोणीतरी थोड्या वेळाने म्हणतंच, दोनचं अंतर दोनदा घेऊ. मग ८ साठी तेच तीनदा, ९ साठी तीनचं अंतर दोनदा, ६ साठी दोनचं आणि तीनचं मिळून, आणि ५ साठी दहाच्या खुणेपासून दोनचं अंतर मागे. टेबल लागतं ते फक्त २, ३ आणि ७ साठी. गुणाकाराचा (लॉगांची बेरीज), भागाकाराचा (लॉगांची वजाबाकी) आणि घाताचा (लॉगची पट), तिन्ही नियम इथे मुलांच्या हातून वापरून झालेले असतात. फळ्यावर सूत्र लिहायचं ते त्यानंतर.

सरकवण्याआधी एक पायरी घ्या: एकच पट्टी आणि कंपासपेटीतला डिव्हायडर. डिव्हायडरने १ पासून ३ पर्यंतचं अंतर उचलायचं आणि २ च्या खुणेपासून पुढे टाकायचं. टोक ६ वर पडतं. इतिहासही याच क्रमाने घडला. स्कॉटिश गणिती नेपियरने लॉगॅरिदम प्रसिद्ध केले १६१४ साली, इंग्लिश गणिती गंटरने १६२० मध्ये असंच एकेरी माप काढलं, आणि दोन मापं एकमेकांशेजारी सरकवण्याची कल्पना ऑट्रेड या दुसऱ्या इंग्लिश गणितीची, त्यानंतरची. ज्या मुलांचा सरकवताना गोंधळ होतो (वरची पट्टी बघायची की खालची?), ती डिव्हायडरने पटकन सावरतात. खिशातले कॅल्क्युलेटर १९७०च्या दशकात आले, तोवर अभियंते याच तत्त्वावर हिशेब करत होते, हे ऐकलं की मुलं पट्टीकडे जरा आदराने बघू लागतात.

सगळ्यात मोठा फायदा एका जुन्या चुकीवर झाला. लॉग (२ + ३) बरोबर लॉग २ अधिक लॉग ३, असं लिहिणारी मुलं दर वर्षी असतात. ‘असा नियम नाही’ हे कितीही वेळा सांगितलं तरी पुढच्या चाचणीत तेच. आता मी फक्त ‘पट्टीवर बघ’ म्हणते. दोनचं आणि तीनचं अंतर जोडलं की १९.४ सेंमीवर, म्हणजे सहावर जाऊन पोचतो. पाचाची खूण तिथून तब्बल २ सेंमी मागे आहे. या वेळच्या उत्तरपत्रिकांत ही चूक फार कमी दिसली, याचा मला मनापासून आनंद झाला.

पाया (ज्या संख्येचे घात घेतो ती, आतापर्यंत १०) बदलण्याचा नियमही इथे सोपा होतो, आणि हे मला आधी सुचलं नव्हतं, एका विद्यार्थिनीने दाखवलं. सेंटिमीटर सोडून दोनच्या अंतरालाच एकक माना. मग ४ येतात २ एककांवर, ८ येतात ३ एककांवर, म्हणजे पट्टी पाया २ चे लॉग दाखवू लागते. खुणा तिथेच आहेत, माप तेवढं बदललं. १० ची खूण येते साधारण ३.३२ एककांवर, म्हणजेच १ भागिले ०.३०१०. हे बघितल्यावर ‘लॉग भागिले लॉग’ कुठून आलं ते पुन्हा समजवावं लागत नाही.

आता पट्टी कुठे कमी पडते ते. लॉगचा वर्ग आणि वर्गाचा लॉग यांतला गोंधळ तिने सुटत नाही. लॉग १२ भागिले लॉग ३ आणि लॉग (१२ भागिले ३) हे वेगळे आहेत (पहिलं साधारण २.२६, दुसरं ०.६०), पण घाईत मुलं दोन्हींची सरमिसळ करतात. समीकरणांत तर पट्टीचा उपयोगच नाही. पाया १० धरून लॉग क्ष अधिक लॉग (क्ष − ३) बरोबर १ सोडवलं की ५ आणि −२ ही उत्तरं येतात, त्यातलं −२ टाकून द्यायचं. ते का टाकायचं एवढं पट्टीवरून सांगता येतं: डावीकडे कितीही लांबवली तरी ०.१, ०.०१ असंच येत राहतं, शून्यही येत नाही, मग ऋण संख्या कुठून येणार? पण उत्तर तपासायची सवय वहीतच लागते.

त्यासाठी मी विधानांच्या चिठ्ठ्या करते: नेहमी खरं, कधी कधी खरं, कधीच खरं नाही. ‘क्ष वर्गाचा लॉग म्हणजे २ लॉग क्ष’ या चिठ्ठीवर सर्वांत जास्त वाद होतो, आणि क्ष ऋण घेऊन कोणी दाखवलं की सगळा वर्ग जागा होतो. चिठ्ठ्या सुरू झाल्या की पट्टी दप्तरात. नाहीतर हुशार मुलंसुद्धा प्रत्येक गणित मोजून काढत बसतात.

पट्टीसाठी साधा कागद नको, कडा लगेच वळतात आणि खुणा जुळत नाहीत. पुढच्या तुकडीला मी ५० सेंमीची पट्टी करायला देणार आहे, कारण २५ सेंमीत ९ आणि १० यांच्यात जेमतेम १.१ सेंमी उरतो आणि ९.५ ची खूण नीट बसत नाही.